नऊ वेळा वाफवलेलं मूळ

शिंगताय, रेल्वे वसाहत
१२ सप्टेंबर १९९४

सूमेईस,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला बसलो की वाटायचं, काय लिहायचं, सगळं रडगाणंच. शिवाय मला लिहायला वेळ लागतो हे तुला माहीत आहे. गावच्या शाळेत काढलेले तीन हिवाळे आणि पुढे रेल्वेचा साक्षरता वर्ग, एवढ्याच शिदोरीवर माझं चाललंय.

झोप लागते का विचारलंस. लागत नाही. नऊला आडवा होतो, डोळा लागतो, आणि एक वाजला की कोणी हाक मारल्यासारखा उठून बसतो. तीनपर्यंत टक्क. मग दिवसभर डोकं जड, जेवताना चॉपस्टिक्स हातात तशाच राहतात. इस्पितळातल्या डॉक्टरांकडे झोपेची गोळी मागितली तर ते म्हणाले, "यकृत घट्ट झालंय तुमचं. गोळी घेतलीत तर झोप लागेल हो, पण ती उतरायची नाही." हे ऐकल्यापासून झोपेचीही भीती वाटते, न झोपण्याचीही.

म्हणून बाजारामागच्या म्याओ डॉक्टरांकडे गेलो. ऐंशी ओलांडलेले गृहस्थ. जीभ पाहिली, मनगटावर तीन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. मी यार्डात हातोडीने गाडीची चाकं ठोकून आवाज ऐकायचो तसंच ते ऐकत होते. चाकाला तडा असला की मला लगेच कळायचं, त्यामुळे त्यांचा चेहरा मी नीट बघत होतो.

"जाग कधी येते?"

"एकच्या पुढे."

"ती यकृताची वेळ. माणूस आडवा झाला की रक्त यकृतात परतून येतं आणि त्याच्यामागून जीव घरी निजायला येतो. तुझ्या घराचं छप्पर गळतंय. तो बिचारा अंगणात येरझाऱ्या घालतो."

"मग छप्पर शाकारा की."

"शाकारता येणार नाही. गळती जरा कमी करता येईल."

त्यांनी आंबट बोरांच्या बिया भाजून, कुटून काढ्यात घालायला दिल्या. आपल्या डोंगरावरची ती झुडपं आठवतात ना, तुझा परकर फाटायचा तीच. झोपायच्या आधी पाय गरम पाण्यात ठेवायचे. आणि कानाच्या पाळीला मोहरीएवढ्या काळ्या बिया चिकटपट्टीने लावल्यात, त्या सकाळ-संध्याकाळ दाबायच्या. सून श्याओछिन म्हणते, "बाबांनी कानात वाणसामानाचं दुकान मांडलंय." घाम लागून त्यांना कोंब फुटणार नाहीत ना, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते पुढच्या रोग्याची जीभ बघायला लागले, त्यामुळे ती एक काळजी आहेच.

काढ्याचं मडकं शेजारच्या हाओ काकूंकडून आणलंय. औषधाचं मडकं परत केलं की आजारही त्या घरी जातो, म्हणून ते परत करायचं नसतं हे मला माहीत आहे, त्यांना लागलं तर त्याच येऊन नेतील. तरी दुसऱ्याची वस्तू घरात पडून आहे याचा घोर लागतोच. माझी वाटीही मी वेगळी ठेवतो. श्याओछिन नको म्हणते, पण हा आजार चिकटणारा.

तू बरी आहेस ना? मेहुणे लाओ पांग बरे?

वानशान


कारखाना वसाहत, ग्वेइचौ
२९ ऑक्टोबर १९९४

दादा,

तुझ्या पत्रात पहिलं पान झोपेचं, दुसरं कानाचं, आणि माझी चौकशी तळाला अर्ध्या ओळीत, जागा उरली म्हणून. असू दे. तीस वर्षांपूर्वी कारखाना या डोंगरात हलवला आणि मी त्याच्याबरोबर निघाले तेव्हा स्टेशनवर तू मला काय सांगितलंस आठवतं? पाणी उकळून पी. तेव्हापासून तू सुधारलेला नाहीस.

आता ऐक. तुमच्या त्या बोराच्या बिया पोरांना निजवायला ठीक. आमच्याकडे खरं औषध आहे, होशौवूचं मूळ. हो नावाच्या कुणा म्हाताऱ्याने खाल्लं आणि त्याचे पांढरे केस काळे झाले म्हणून हे नाव. या मुळाच्या दोन वेली दिवसा लांब लांब असतात आणि रात्र झाली की एकमेकींना विळखा घालून निजतात. ज्याला झोप नाही त्याला हे द्यायचं, इकडे शेंबडं पोरही सांगेल.

लाओ पांगला घेऊन मी वरच्या खिंडीत गेले. दोन दिवस खणलं. लाओ पांग म्हणाला, "तुझ्या भावाला झोप येवो न येवो, मला आजच येणार." मूळ असं निघालं की बघत राहावं, दोन पाय आणि एक हात असलेलं, बसक्या म्हाताऱ्यासारखं. चकत्या केल्या, काळ्या घेवड्याच्या पाण्यात भिजवल्या, वाफवल्या, उन्हात वाळवल्या. मग पुन्हा. असं नऊ वेळा. इकडे तीन दिवस सलग ऊन पडत नाही, त्यामुळे पाटी घेऊन मी उन्हाच्या मागे वसाहतभर फिरत होते. बायका म्हणायच्या, "सूमेई, भाऊच वाफवून घेतलास की काय?" शेवटी त्या काळ्याभोर आणि गुळाच्या खड्यासारख्या झाल्या.

पार्सल वेगळं पाठवलंय. रोजच्या काढ्यात दोन चकत्या टाकायच्या. तुझ्या डॉक्टरला सांगत बसू नकोस. या लोकांना दुसऱ्याचं औषध दिसलं की यांच्याच पोटात दुखतं.

माझं छान चाललंय. वसाहतीच्या फाटकाशी माझी सकाळची शेवयांची गाडी जोरात आहे. रात्रपाळी सुटते तेव्हा मान वर करायला सवड नसते.

सूमेई


शिंगताय
१७ नोव्हेंबर १९९४

सूमेईस,

पार्सल पोचलं. पिशवी उघडली आणि वासानेच आई आठवली. तीही घेवडा अशीच उकडायची. एवढं कशाला केलंस? तुझे गुडघे दुखतात, त्यात तो डोंगर.

चकत्या तुझ्या सांगण्याप्रमाणे टाकतो. श्याओछिन म्हणाली, "बाबा, म्याओ डॉक्टरांना एकदा विचारा तरी."

मी म्हटलं, "विचारून त्यांनी नको म्हटलं तर?"

"तर नाही घ्यायचं."

"आणि बहिणीला काय सांगू? नऊ वेळा वाफवलंय तिने."

तिने मडकं माझ्यापुढे सरकवलं. तिचीही आई अशीच पाठवत असते.

आता खरी गोष्ट सांगतो, झोप आली. परवा एकला जाग आली नाही. चारला आली. मी घाबरून घड्याळ कानाला लावलं, बंद पडलंय की काय म्हणून. कालही तसंच. मूळ लागू पडलं असणार. म्याओ डॉक्टरांना वाटतंय त्यांच्या बियांनी झालं, मी काही बोललो नाही. तोंड जरा कडू असतं आणि पोट सैल आहे, पण नवीन औषधाने आधी पोट साफ होतंच.

इथे हिवाळ्यासाठी साठवायच्या कोबीचे ढीग दारोदार लागलेत. आमचाही जिन्याखाली रचलाय. त्यावर कोणाचं मांजर बसतं कोण जाणे.

वानशान


ग्वेइचौ
८ डिसेंबर १९९४

दादा,

तुझं पत्र मी शेवया वाढता वाढता उभ्याने वाचलं आणि लाओ पांगला ओरडून सांगितलं की दादा चारपर्यंत झोपला. रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. लेथवरचा म्हातारा श्यूंग म्हणाला, "माझी बायको दिवसासुद्धा झोपते, तिच्यासाठी उलटं काही आहे का?"

आता तुझं नाव इथे सगळ्यांना माहीत झालंय. उत्तरेतला भाऊ, डॉक्टरांनी हात टेकलेला, बहिणीच्या मुळाने झोपला. डॉक्टरांनी हात टेकले होते हे मी थोडं वाढवून सांगितलं. तुझी हरकत नसावी.

थंडीआधी पुन्हा खिंडीत गेले होते. या वेळी मोठं मूळ मिळालंय. वाफवणं चालू आहे. तुला वर्षभर पुरेल. केस काळे होतायत का ते कळव. खोटं सांगू नकोस, श्याओछिनला विचारून लिही.

सूमेई


शिंगताय
२० जानेवारी १९९५

सूमेईस,

उत्तराला उशीर झाला. वर्षअखेरीची कामं, थंडी, आणि श्याओछिनला ताप होता. माझं बरं आहे. झोप बरी आहे.

आणखी मूळ पाठवू नकोस. पहिलंच पुष्कळ उरलंय. बर्फाने पार्सलं अडकतात. तू कष्ट करू नकोस, आता पुरे. खरंच पुरे.

केस होते तसेच आहेत.

तुम्हां सर्वांना नवीन वर्षाच्या शुभेच्छा. डुकराचं वर्ष आहे, खाऊन-पिऊन सुखी राहा.

वानशान


ग्वेइचौ
१४ फेब्रुवारी १९९५

दादा,

तुझं 'पाठवू नकोस' वाचून लाओ पांग पोट धरून हसला. म्हणाला, "तुझा दादा अजून तोच. आपल्या लग्नात अंडी नको, नको, पुरे, खरंच पुरे म्हणत वाटीभर संपवली होती." मी का तुला आज ओळखते? तीनदा नको म्हटल्याशिवाय आपल्या घरात कोणी पाण्याचा पेलासुद्धा घेतलेला नाही. पार्सल टाकलंय, आधीच्या दुप्पट. आता आणखी एकदा नको म्हण आणि निमूट घे.

आणि एक गंमत सांगायची राहिली. मीही सुरू केलंय. गेले वर्षभर माझीही झोप उडाली होती. तुला लिहिलं नाही, तू आधीच काळज्यांचं पोतं. पण तुझा गुण बघून वाटलं, एकाच आईची लेकरं आपण, तुला लागू पडलं ते मलाही पडणार. नवीन वर्षाच्या आधीपासून रोज घेते. तुझ्यापेक्षा जास्तच, माझं हाड जाड. झोप येते चांगली. खरं तर दिवसाही येते, गाडीवर उभ्या उभ्या. तोंडाला चव नाही आणि लघवी गडद चहासारखी होते, पण इथल्या बायका म्हणतात, आतली उष्णता बाहेर पडते ती. मलाही तसंच वाटतं. तुला झालं होतं का असं?

सणाला लेक येऊन गेली. घर रिकामं रिकामं वाटतं.

सूमेई


तार
२४ फेब्रुवारी १९९५

मूळ खाऊ नकोस. सगळं फेकून दे. रक्त तपासून घे. पत्र येतंय. वानशान


शिंगताय
२४ फेब्रुवारी १९९५

सूमेईस,

तार करून आत्ताच परतलो. तारेच्या खिडकीवरची मुलगी म्हणाली, "आजोबा, शब्द कमी करा." मी कमी केले नाहीत. पत्र घाईत लिहितोय, अक्षर लागलं नाही तर लाओ पांगकडून वाचून घे. पण वाच.

जानेवारीत मी तुला खोटं लिहिलं. झोप बरी नव्हती. मी तेव्हा नुकताच इस्पितळातून घरी आलो होतो.

त्याचं असं झालं. काढ्याचा चोथा आम्ही गल्लीच्या तोंडाशी रस्त्यावर टाकतो. जाणारे-येणारे तुडवतात आणि आजार पांगतो, तिकडेही असंच करत असाल. डिसेंबरातल्या एका सकाळी मी मडकं पालथं करत होतो आणि म्याओ डॉक्टर भाजी घेऊन येत होते. मी म्हटलं, "जेवण झालं का?" त्यांचं लक्षच नाही. छत्रीच्या टोकाने त्यांनी चोथा विस्कटला, मग त्या वयात खाली बसले आणि एक चकती उचलून हुंगली.

"ही कोणी घातली?"

"काय ते?"

"वानशान, मी लिहून दिलेल्या वस्तू मी ओळखतो. ही माझी नव्हे."

"बहिणीने पाठवलीय. नऊ वेळा वाफवलेली आहे, कच्ची नाही."

"नव्वद वेळा वाफव. कुणाच्या घरी हे अमृत असेल. तुझ्यासारख्याला मी हे देत नाही. मूळही नाही, वेलही नाही. वर बघ. डोळा खाली ओढ."

मी ओढला. लोक बघत होते.

"घरात आरसा नाही का?" ते म्हणाले. "तुझी सून आंधळी आहे?"

सून आंधळी नव्हती. ती आठवडाभर सांगत होती की बाबा, डोळे पिवळे दिसतात, आणि मी म्हणत होतो की थंडीत ऊन पिवळं असतं. म्याओ डॉक्टर स्वतः मला इस्पितळात घेऊन गेले, तिथल्या डॉक्टरांसमोर ती चकती ठेवली आणि म्हणाले, "माझ्या काढ्याबरोबर हे गेलंय. माझं काही चुकलं असेल तर तेही शोधा." तिथे मला भरती केलं. दिवसा झोपायचो आणि रात्रभर जागा. जेवण आलं की श्याओछिनला आपली आई समजून हाक मारायचो, असं ती नंतर म्हणाली. मला आठवत नाही. हे मूळ पोटात जात राहिलं असतं तर मी वसंत पाहिला नसता, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

तुला हे कसं लिहिणार होतो? तू डोंगर खणलास, उन्हामागे पाटी घेऊन फिरलीस. म्हणून लिहिलं, पुरे. मला वाटलं, पुरे म्हटलं की पुरे.

आता महत्त्वाचं. इस्पितळात त्यांनी विचारलं, आई कशाने गेली. मी सांगितलं, पोट फुगलं होतं, झोप नव्हती, डोळे पिवळे. भावंडं किती? एक बहीण. ते म्हणाले, हा आजार आईकडून बाळंतपणात लेकरांना येतो आणि वर्षानुवर्षं गप्प बसतो. बहिणीचं रक्त तपासायला सांगा. तेही मी लिहिलं नाही. आणि तू लिहितेस, लघवी चहासारखी. ती उष्णता नव्हे सूमेई. मलाही तशीच होत होती.

ताबडतोब जा.

वानशान


ग्वेइचौ
८ मार्च १९९५

तूंग वानशान यांस,

तुमची तार कचेरीतल्या माणसाने फाटकाशी उभं राहून मोठ्याने वाचली. माझे हात पिठाचे होते, मीच म्हटलं होतं वाच. 'रक्त तपासून घे' हे पाळी सुटलेल्या सगळ्या माणसांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी निम्म्या वाट्या उरल्या. कोणी तोंडावर काही बोललं नाही. "आज भूक नाही, सूमेईताई." सगळ्या वसाहतीची भूक एकाच दिवशी मेली.

मूळ बंद केलंय. सगळं खड्ड्यात पुरलं, डुकरंही खाणार नाहीत असं. पण रक्त देणार नाही. इथल्या दवाखान्यात सुई टोचली की संध्याकाळी निकाल चहाच्या दुकानात. कागदावर काही निघालं तर माझी गाडी संपली, आणि तुझ्या भाचीला कामावरून काढतील ते वेगळंच. लोकांना एवढंच कळतं की पिवळी म्हणजे लांब बस.

तुझा राग मला मुळाबद्दल आला नाही. मी दिलं, चुकलं. विष पाठवलं भावाला, आपल्या हाताने, आणि वर मिरवलं. ते माझं मी बघेन. पण तू ते खाऊन मरायला टेकला होतास आणि मला लिहितोस 'डुकराचं वर्ष, सुखी राहा'. तू परक्यासारखा वागलास, दादा. शेजारणीला बोलतात तसं बोललास. माझी वाफवलेली पाटी तुला माझ्यापेक्षा मोठी वाटली का? मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, फेक.

डोळे माझेही पिवळे आहेत. आरसा माझ्या घरी आहे.

सूमेई


शिंगताय
१७ मार्च १९९५

सूमेईस,

तू म्हणतेस ते सगळं बरोबर. 

तू रक्त देत नसशील तर मी तिकडे येतो. रेल्वेचा पास माझ्याकडे अजून आहे. दोन रात्रींचा प्रवास, बसून यावं लागलं तरी येईन. श्याओछिन म्हणाली, "बाबा, वाटेत काही झालं तर?" मी म्हटलं, "झालं तर सूमेईच्या जवळ होईल." तिने रागाने कढई आपटली, पण पिशवी काढून दिलीय. तीत कानाच्या बियांची पट्टी, पाय ठेवायचं घमेलं आणि दोन सदरे भरलेत. घमेलं पिशवीत मावत नाही. ते डोक्यावर ठेवेन.

वसाहतीत नको. शहरात जा. तिथे तुला कोण ओळखतं? तोंडावर मफलर बांध.

एप्रिलच्या मध्यापर्यंत तुझं पत्र आलं नाही तर मी गाडीत बसलो असं समज. या वेळी नको म्हणू नकोस, कारण मी ऐकणार नाही.

वानशान


ग्वेइचौ
५ एप्रिल १९९५

दादा,

पिशवी खाली ठेव. मी जाऊन आले.

घमेलं डोक्यावर घेतलेला म्हातारा फाटकाशी उतरलेला डोळ्यांसमोर आला आणि लाओ पांगला म्हटलं, चल बाबा, त्यापेक्षा सुई बरी. पहाटेची बस धरून ग्वेइयांगला गेलो. रांगेत माझ्यासारख्याच मफलर बांधलेल्या बायका होत्या. सगळ्या छताकडे बघत होत्या.

आहे. माझ्याही रक्तात आहे, जन्मापासूनच असणार. मुळाने भडकलं. पण डॉक्टरीणबाईंनी पोटावर बोटं रोवून बघितलं आणि यंत्रावरही बघितलं. यकृत अजून मऊ आहे, म्हणाल्या. आणखी दोन-तीन महिने ते मूळ घेतलं असतं तर हे वाक्य बोलता आलं नसतं. दुसऱ्या खेपेला पिवळेपणा उतरला होता. आता दर काही महिन्यांनी जायचं. लेकीलाही तपासलं, तिला नाही. मी बाहेरच्या पायरीवर बसून रडले. लाओ पांग मला भाजलेलं रताळं सोलून देत होता आणि स्वतःच खात होता.

शेवयांतून हे पसरत नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. मी म्हटलं, हे तुम्ही आमच्या फाटकाशी येऊन सांगा. गाडी लावली आहे. निम्मे आले, निम्मे नाही आले. श्यूंग म्हातारा पहिल्याच दिवशी आला. म्हणाला, "लेथने दोन बोटं नेली, बायकोने डोकं नेलं, आता तुझ्या शेवया माझं काय नेणार? तिखट जास्त घाल."

आता मात्र झोप साफ गेली आहे. रात्री मनात तेच येतं, पाटी घेऊन फिरणारी मी. तुझ्या म्याओ डॉक्टरांकडून बोरांच्या बिया मिळतात का बघ.

आणि एक लिहून ठेव. यापुढे तुझ्या पत्रात 'माझं बरं आहे' दिसलं की मी तिकीट काढणार. तिखट लिही, कडू लिही, माझ्या तोंडावर लिही.

तुझ्यासाठी लोकरीचे मोजे विणलेत, पाय पाण्यातून काढले की घालायला. पाठवतेय.

सूमेई


शिंगताय
२० एप्रिल १९९५

सूमेईस,

यकृत मऊ आहे, ही ओळ मी श्याओछिनकडून दोनदा वाचून घेतली. मग स्वतः वाचली.

बोरांच्या बिया पाठवत नाही. म्याओ डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "मी तिची नाडी पाहिली नाही, जीभ पाहिली नाही. हजार कोसांवरून औषध देण्याचा उद्योग तुमच्या घरात एकदा झालाय." तेव्हा तुझ्या त्या डॉक्टरीणबाईंना आधी विचार. त्या हो म्हणाल्या तर पाठवेन. पाय गरम पाण्यात ठेवायला मात्र हरकत नाही, आणि कानाच्या बियांनाही. एवढंच मी त्यांच्याकडून काढून घेतलं.

आता माझं. पोटात पाणी धरलंय, पट्टा शेवटच्या भोकावर आणलाय. म्याओ डॉक्टरांनी काढा बंद केला. फक्त कान दाबतो, पाय भिजवतो, आणि सकाळी अंगणात हात वर करून हळूहळू व्यायाम करतो. झोप येते तेव्हा येते. काल मी त्यांना विचारलं, छप्पर किती टिकेल? ते मनगटावर तीन बोटं ठेवून म्हणाले, "पुढच्या हिवाळ्याला तू असशील. त्याच्या पुढच्याबद्दल मी काही बोलत नाही." चाक ठोकल्यावर माझा चेहरा कसा व्हायचा ते मला माहीत आहे, तसा त्यांचा झाला होता. हे मुलाला सांगितलेलं नाही, श्याओछिनलाही नाही. तुला सांगितलं. आल्यावर रडून वेळ घालवू नकोस, पण शरदात येता आलं तर ये. ये म्हणजे ये.

मोजे आले. घट्ट आहेत. माझे पाय आता सुजतात, घोटा आत जात नाही आणि बोटांशी गाठ टोचते. रंगही मला आवडला नाही, बायकी आहे. परत पाठवतोय. उसवून पुन्हा विण, टाच सैल ठेव.

वानशान